सव्वातीनचे दोघे

तिरिलच्या पदरात त्या दिवशी तीन गोष्टी पडायच्या होत्या. पहिली म्हणजे तिसऱ्या वर्षाचा 'पास' हा शेरा. आमच्या आर्किटेक्चरच्या शाळेत गुण देत नाहीत, पास किंवा नापास, आणि नापास म्हणजे अख्खं वर्ष पुन्हा. दुसरी, बोर्गहिल्डच्या ऑफिसात उन्हाळ्याचे आठ आठवडे काम. बोर्गहिल्ड बाहेरची परीक्षक म्हणून येते आणि दरवर्षी एक मूल उचलून नेते, हे आमच्या बर्गन शहरातल्या प्रत्येक ड्रॉइंग बोर्डाला ठाऊक आहे. तिसरी गोष्ट जरा हवेतली होती: लाइट रेलच्या, म्हणजे ट्रामच्या, नव्या फाट्याचं प्रदर्शन जूनमध्ये शहरातल्या वाचनालयात भरणार होतं, आणि दारासमोरच्या भिंतीवर एकाच विद्यार्थ्याचं चित्र लागणार होतं, तीन मीटर उंच. तिरिलच्या आईने गावी, वॉसमध्ये, दोन शेजारणींना ते आधीच सांगून टाकलं होतं.

याच्या बदल्यात तिरिलने घातलं काय, तर दहा मंगळवार आणि एक सर्दी. मला विचाराल तर सौदा चांगला होता.

मी शाळेच्या मॉडेल-वर्कशॉपचा माणूस, रायदार. करवती, लेझर आणि गोंद यांचा कारभार माझ्याकडे. बावीस वर्षांत मला एक कळलंय, की मूल पुठ्ठा कसा कापतं यावरून ते पुढे कशी घरं बांधेल ते सांगता येतं. कोणी मधोमध चौकोन कापतं आणि उरलेला तुकडा वाया घालवतं. तिरिल कडेने कापायची, आणि उरलेल्या पट्ट्या लांबीप्रमाणे लावून, त्यावर पेन्सिलीने माप लिहून माझ्या फळीवर ठेवायची. अशी मुलगी काही विसरत नाही आणि काही गाळतही नाही. पुढे जे झालं ते तिच्या आळसामुळे झालं असतं, तर मला एवढा धक्का बसला नसता.

वर्गाला दिलेलं काम होतं मोल्लरबाक्कनच्या बस थांब्याच्या जागी लाइट रेलचं स्टेशन. चौदा मुलं, चौदा स्टेशनं. हालवार त्यांचा शिक्षक. त्याचा एक जुना राग आहे. मुलं चित्रात जी माणसं चिकटवतात ती तयार संग्रहातून उचलतात, आणि तो संग्रह कुठल्यातरी उन्हाच्या देशात बनलेला असावा. उघडे दंड, काळे चष्मे, हातात फुगा धरलेली पोरगी.

"हे कोण पाहुणे?" हालवार चित्राला नाक लावून विचारायचा. "फेब्रुवारीत मोल्लरबाक्कनला या बाईला अर्ध्या तासात न्यूमोनिया होईल. इथली माणसं आणा रे! ओली माणसं आणा!"

बाकीच्या तेरा जणांनी हसून घेतलं आणि फुगेवालीच चिकटवली. तिरिलने मात्र ते मनावर घेतलं. फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारपासून तिने थांब्यासमोरच्या जिन्यावर तिपाई लावली. नियम तिचाच: बरोबर सव्वातीनला एकच फोटो, मग पाऊण तास उभं राहून वहीत नोंद. कोण आलं, कुठे उभं राहिलं, कुठल्या बसमध्ये चढलं. दहा मंगळवार. शाळेच्या नियमाप्रमाणे तिने फोटोतले चेहरे पुसून धूसर केले. चेहरा पुसला की माणूस पुसला गेला, असा आमच्या नियमावलीचा समज आहे.

मेअखेरीस परीक्षणाचा दिवस उजाडला. कँटीनमधून खोबरं लावलेले पाव आणि कॉफीचे थर्मास आले. भिंतीवर तिरिलचं मोठं चित्र, स्टुलावर मॉडेल, खुर्च्यांवर अर्धवट झोपलेला वर्ग. स्टुलाचा एक पाय हलत होता म्हणून मी खाली बसून त्याखाली पाचर ठोकत होतो; त्या पाचरीमुळेच मी तिथे होतो.

बोर्गहिल्ड साठीकडे झुकलेली, ताठ, पांढरे केस मानेपर्यंत कापलेले. ती रागावत नाही, प्रश्न विचारते. आमच्या शाळेत शिपायापासून पाहुण्यांपर्यंत सगळे एकमेकांना नावाने आणि 'तू' म्हणूनच बोलतात, पण बोर्गहिल्डशी बोलताना मुलांचं ते 'तू' घशात जरा अडकतं.

"छप्पर एवढं खाली का घेतलंस?" तिने सुरुवात केली.

"तिथे वारा तिरका येतो," तिरिल म्हणाली. "छप्पर उंच केलं तर चांगलं दिसतं, पण माणसं कमरेपर्यंत भिजतात. मी मोजलंय."

"कुणाच्या कमरेपर्यंत?"

"माझ्या. दहा वेळा."

वर्ग हसला. बोर्गहिल्डही हसली. हालवारने माझ्याकडे बघून भुवई उडवली, म्हणजे उन्हाळ्याचं काम पक्कं.

"आणि हे मागचं बाक? प्लॅटफॉर्मकडे पाठ करून? तिथून ट्राम दिसणारसुद्धा नाही."

"तोच तर माझा मुद्दा आहे," तिरिल खुलली. "सगळे स्टेशन काढतात ते जाणाऱ्यांसाठी. पण थांब्यावर काही लोक कुठेच जात नसतात. ते एकमेकांसाठी थांबलेले असतात. त्यांना आता मागच्या ओल्या कठड्यावर बसावं लागतं. हे दोघे बघ, चित्रात डावीकडे. माझं सगळं स्टेशन यांच्याभोवती उभं आहे."

बोर्गहिल्डने चष्मा कपाळावर चढवला आणि चित्राजवळ गेली.

डावीकडे, खाली आणलेल्या छपराच्या कडेला, एक पुरुष आणि एक बाई उभी होती. तो निळ्या रेनजॅकेटमध्ये, डावा खांदा किंचित वर उचललेला. ती मोहरीच्या रंगाच्या टोपीत, त्याच्याकडे वळलेली. दोघांवर मिळून एक हिरवी छत्री. चेहऱ्यांच्या जागी नुसतं धुकं.

मीही बघितलं, आणि हातातला हातोडा तसाच राहिला. छत्रीची मूठ फिकट लाकडाची होती, टोकाला जाडसर. ती मूठ मी केली होती. गेल्या शरदात बोर्गहिल्ड ही छत्री घेऊन माझ्याकडे आली होती, मूळची प्लास्टिकची मूठ मोडली होती म्हणून. "तोर्गाइरची आहे," ती म्हणाली होती, "नवी घ्यायला तयार नाही. माझा नवरा वस्तूंच्या बाबतीत फार एकनिष्ठ आहे." मी अ‍ॅश लाकडाची मूठ वळवून दिली. अशी मूठ जगात एकच आहे.

बोर्गहिल्ड चित्रापासून हलेना. वर्गाला वाटलं छपराचं माप चुकलं. तिरिललाही तेच वाटलं असावं, कारण ती भराभर बोलू लागली.

"माणसं खऱ्या मापात आहेत. तो एक मीटर ब्याऐंशी असेल, मी कठड्याच्या उंचीवरून काढलं."

"एक्याऐंशी," बोर्गहिल्ड म्हणाली.

"हो, एखाद्या सेंटिमीटरचा फरक—"

"हा फोटो कधीचा?"

"एक नाहीये तो, दोन आहेत. तो सोळा फेब्रुवारीचा आणि ती दोन मार्चची. मी जोडलेत. उजेड सारखाच होता, म्हणून सांधा दिसत नाही."

बोर्गहिल्डचे खांदे खाली आले. मला ते स्पष्ट दिसलं. जड पिशवी खाली ठेवल्यावर येतात तसे. चष्मा डोळ्यांवर उतरला. ती चक्क हसली.

"म्हणजे तू कात्रीने लावलेलं लग्न आहे हे! हे दोघे कधी एकत्र नव्हतेच."

"फोटोत नव्हते," तिरिल म्हणाली.

मला वाटलं, बाई, इथेच थांब. पण उरलेल्या पट्ट्यांवर मापं लिहून ठेवणारी मुलगी ती. आपण खोटं चित्र काढल्याचा संशय तिला कसा सहन होणार?

"मी मनाचं काही चिकटवलेलं नाही," तिने वही उघडली. "माझा फोटो सव्वातीनला, आणि तेव्हा दोघांतलं एकच आलेलं असायचं, कधी तो, कधी ती. दुसरं नेहमी उशिरा. हे बघ. मा-३ म्हणजे माणूस तीन, निळं जॅकेट. बा-२ म्हणजे ती. दहापैकी नऊ मंगळवार. मागच्या कठड्यावर बसतात. तीन बसगाड्या येऊन जातात, एकीतही चढत नाहीत. चार वाजायला पाच मिनिटं असताना उठतात आणि वेगवेगळ्या दिशांना जातात. नवव्यांदा तिने त्याच्या कॉलरमधलं पाणी रुमालाने पुसलं. तेही लिहिलंय मी, कारण तिथे छप्पर गळत होतं."

शेवटच्या रांगेतून आमुंद म्हणाला, "आणि दहाव्या मंगळवारी भांडण झालं होतं का?"

"नाही, दहाव्या मंगळवारी तो नव्हता," तिरिल गंभीरपणे म्हणाली. "इस्टरची सुट्टी होती. ती मात्र आली होती."

सगळे हसले. इस्टरला बोर्गहिल्ड आणि तोर्गाइर डोंगरातल्या आपल्या कॅबिनवर होते. तिथून तिने मला पोस्टकार्ड पाठवलं होतं, मुठीसाठी पुन्हा एकदा आभार मानून.

"मंगळवारी," बोर्गहिल्ड हळूच म्हणाली, कुणाला उद्देशून ते कळलं नाही, "तीन वाजता खांद्याचे व्यायाम असतात. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला." मग आवाज चढवून, "हालवार, दहा मिनिटं थांबू या. मला कॉफी हवी आहे."

कॉफीचा थर्मास तिच्या हाताशीच होता. ती दारातून बाहेर गेली.

आता माझी चूक. तिरिल माझ्याकडे आली, गाल लाल. "रायदार, काय झालं? छप्पर तिला आवडलं होतं ना? माझं काय चुकलं?" मी गप्प राहायला हवं होतं. पण वहीत अजून आठ पानांचे तक्ते होते, आणि दहा मिनिटांनी ही पोरगी ते सगळे वाचून दाखवणार होती. मी तिला दाराआड नेऊन सांगितलं. मूठ कुणाची, छत्री कुणाची.

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला, तो आधी कपाळावरून. मी काचेवरून पाणी ओसरताना बघावं तसा बघत राहिलो.

"पण मी चेहरे पुसले होते," ती म्हणाली. "रायदार, मी चेहरे पुसले होते ना!"

"मुठीला चेहरा लागत नाही."

"मी... मी त्यांना काढते."

मला वाटलं ती चित्र उतरवेल. वर्ग पावांभोवती गोळा झाला होता. तिरिलने खिशातून कटर काढला, चित्रासमोर गेली, आणि हात न थरथरू देता त्या दोघांच्या कडेकडेने कापलं. खांदा, टोपी, छत्री. ती नेहमीच कडेने कापायची. दोन कागदी माणसं तिच्या मुठीत आली, आणि चित्रात, खाली आणलेल्या छपराच्या कडेला, दोन माणसांच्या आकाराची पांढरी भिंत उरली. त्याचा उचललेला डावा खांदाही नीट दिसत होता. आधी ते दोघे गर्दीतले दोघे होते. आता खोलीत शिरणाऱ्या कुणालाही दुसरं काही दिसलंच नसतं.

"काय गं," आमुंद तोंडात पाव धरून म्हणाला, "ट्रामखाली गेले की काय दोघे?"

"गप्प बस, आमुंद," ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा निघाला की तो खरंच गप्प बसला.

बोर्गहिल्ड आली. तिने चित्र पाहिलं. त्या दोन पांढऱ्या आकारांसमोर ती किती वेळ उभी होती ते मी मोजलं नाही, आणि मी सहसा मोजतो. मग तिने वळून तिरिलच्या मुठीकडे पाहिलं, आणि तिथून माझ्याकडे. मी स्टुलाच्या पायाकडे.

"परत लाव," ती तिरिलला म्हणाली.

"मला माहीत नव्हतं. शपथ, मला—"

"परत लाव. त्यांच्याशिवाय छपराची उंची कळत नाही."

तिरिलने चिकटपट्टीने दोघांना परत लावलं. बाईची टोपी जरा तिरकी लागली.

हालवारला यातलं काही कळलं नव्हतं. तो पाव संपवून हात झटकत आला. "हं, पुढे? बोर्गहिल्ड, बाकाबद्दल बोलत होतो आपण."

"मला हिचं परीक्षण करता येणार नाही," बोर्गहिल्ड म्हणाली. "मी बाजूला होते."

"म्हणजे?"

"म्हणजे संबंध येतो. माझा आणि प्रोजेक्टचा."

हालवार हसायला लागला. "तुझा आणि तिरिलचा काय संबंध? वॉसला मावशी निघाली का कुणी?" मग त्याच्या लक्षात आलं की ही थट्टा नाही, आणि त्याच्यातला नियमवाला जागा झाला. "हे बघ, परीक्षक बाजूला झाला तर प्रोटोकॉलच्या कागदावर कारण लिहावं लागतं. कारण नसेल तर कार्यालय म्हणणार, परीक्षण अर्धवट राहिलं. अर्धवट म्हणजे नापास. पोरीचं वर्ष जाईल."

"आणि कारण लिहिलं तर?"

"तर दोन आठवड्यांत दुसरा परीक्षक."

खोलीत चौदा मुलं होती. बोर्गहिल्डला बसून राहता आलं असतं. दोन प्रश्न विचारून 'पास' म्हणता आलं असतं, वही मिटली असती, आणि संध्याकाळी घरी जे व्हायचं ते दार लावून झालं असतं. हे मला सुचलं तसं तिलाही सुचलं असणार, कारण तिने खुर्ची ओढली, बसली, आणि पुन्हा उठली.

"मी हिला पास केलं तर ते कशासाठी केलं, हे मलाच कळणार नाही," ती म्हणाली. "आणि नापास केलं तर ते का, हे रायदारला कळेल. पेन घे, हालवार."

हालवारने पेन घेतलं.

"लिही. चित्रातला डावीकडचा पुरुष परीक्षकाचा नवरा आहे."

पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. कुणीतरी थर्मासचं झाकण लावत होतं, ते अर्ध्यावर थांबलं. आमुंद, जो शिक्षकाच्या अंत्यसंस्कारातही विनोद करेल, त्याने हातातला पाव खाली ठेवला. हालवारने वर पाहिलं, मग चित्राकडे, मग तिरकी टोपी घातलेल्या त्या बाईकडे, आणि माणसाला जे मुळीच विचारायचं नसतं तेच त्याच्या तोंडून निघालं.

"मग ही कोण?"

"तिचं प्रोटोकॉलमध्ये काम नाही," बोर्गहिल्ड म्हणाली. "लिही तू. नवरा. सही कुठे करू?"

तिने सही केली, तारीख घातली, कोट घेतला. तिरिलजवळ थांबली. तिरिल रडत होती, आवाज न करता, वही छातीशी धरून.

"नोंदी चांगल्या आहेत," बोर्गहिल्ड तिला म्हणाली. "बाकाच्या मागे एक दिवा दे. अंधार लवकर पडतो तिथे."

दोन आठवड्यांनी ट्रॉन्डहाइमचा परीक्षक आला. त्याने पास दिला, छपराचं कौतुक केलं, आणि माणसं जरा नाटकी वाटतात म्हणाला. बोर्गहिल्डच्या ऑफिसातून पत्र आलं होतं, कामाची जागा तिरिलसाठी ठेवली आहे म्हणून. तिरिलने ते मला दाखवलं आणि नाही म्हणून कळवलं. तो उन्हाळा तिने मासळी बाजारात कोळंबी तोलत काढला. वाचनालयाच्या भिंतीवर आमुंदचं स्टेशन लागलं, तीन मीटर उंच, फुगेवालीसकट. शाळेने नवा नियम काढला की विद्यार्थ्यांनी माणसं फक्त संग्रहातूनच घ्यावीत, आणि त्याखाली हालवारने मान खाली घालून सही केली. मुलं आता माझ्यासमोर बोलताना आवाज कमी करतात.

तोर्गाइरचं म्हणाल तर तो घरातच आहे. मंगळवारी दोनला बोर्गहिल्ड ऑफिसातून निघते, त्याला स्वतः गाडीने व्यायामाला पोचवते आणि बाहेर गाडीत बसून राहते. खांदा सुधारतोय म्हणे. त्याला बसचं तिकीटही पडत नाही.

जूनमध्ये मी तीन मंगळवार मोल्लरबाक्कनला गेलो, काही काम नसताना. पहिल्या दोन वेळा ती मोहरी टोपीवाली बाई होती. टोपी नव्हती, ऊन होतं. मी तिला चित्रातल्यासारखं वळून बघण्यावरून ओळखलं. मागच्या कठड्यावर बसली, तीन बसगाड्या जाऊ दिल्या, चारला पाच कमी असताना उठून गेली. सांगावं असं मनात आलं, पण काय म्हणून सांगणार? तिसऱ्या मंगळवारी ती आली नाही. मी पाऊण तास थांबलो.

तर एकूण असं. तिरिलने एक उन्हाळा भरला. बोर्गहिल्डने चौदा मुलांसमोर एक वाक्य भरलं, आणि त्याच्या बदल्यात एका पोरीचं वर्ष सोडवून घेतलं. तोर्गाइरने काहीच भरलं नाही. उरलेलं सगळं कठड्यावरच्या त्या बाईने भरलं, आणि ते कशासाठी, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.